पाण्याचीही परीक्षा घ्या!

बालमित्रांनो, परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? घाबरू नका. आजची परीक्षा तुमची नाही. ती आहे तुमच्या घरातल्या पिण्याच्या पाण्याची, आणि परीक्षक आहात तुम्ही!

एकदा पावसाळ्यात मी वर्गात दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, जरासं गढूळ. दुसऱ्यात वर्गातल्याच एका मुलीच्या घरच्या आडाचं पाणी, अगदी काचेसारखं नितळ. विचारलं, "कोणतं प्याल?" सगळे एका सुरात ओरडले, "आडाचं!" ती मुलगी तर फुलूनच गेली. म्हणाली, "बाई, आमची आजी म्हणते, आमच्या आडाचं पाणी म्हणजे अमृत!"

मग दोन्ही पाणी जंतू तपासायच्या छोट्या बाटल्यांत भरलं. बाटल्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. नळाच्या पाण्याची बाटली होती तशीच होती. आडाच्या पाण्याची मात्र काळीकुट्ट!

त्या मुलीचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "बाई, आमच्या बाळूचं पोट सारखं बिघडतं..."

असं का झालं? तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची मोठी साथ आली. थोड्याच दिवसांत शेकडो माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो घरोघर फिरले आणि कोण कुठलं पाणी पितं ते विचारत गेले. आजारी माणसं बहुतेक एकाच पंपाचं पाणी पिणारी निघाली! गंमत म्हणजे लोकांना ते पाणी चवीला फार आवडायचं. दूर राहायला गेलेली एक बाई तर मुद्दाम तिथलं पाणी मागवायची. तीही कॉलऱ्यानं गेली. स्नो यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकला गेला. पुढं कळलं, की जवळच्या एका घराच्या मैलाखड्ड्यातली घाण त्या विहिरीत झिरपत होती.

आमच्या विद्यार्थिनीच्या घरीही तसंच निघालं. शौचालयाचा शोषखड्डा आडापासून जेमतेम चारपाच पावलांवर! खरं तर दोहोंत निदान १५ मीटर अंतर हवं. नळाचं पाणी जरा गढूळ होतं, पण त्यात क्लोरीन होतं, म्हणून जंतू मेले होते. याचा अर्थ गढूळ पाणी प्यावं असा नाही हं! अर्थ एवढाच, की जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. आजी म्हणतात ना, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं!

आता त्या बाटलीचं गुपित. ही युक्ती ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या आपल्याच शास्त्रज्ञांनी १९८२ साली जगापुढे मांडली. बाटलीत जंतूंचं खाणं आणि लोखंडाचा क्षार असतो. आतड्यातल्या घाणीबरोबर येणारे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड नावाचा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात. त्याची लोखंडाशी गाठ पडली, की पाणी काळं होतं. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस थांबायचं. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात या बाटलीची चौकशी करा. काम मोठ्या माणसांसोबतच करा. काळी झालेली बाटली मात्र उघडू नका, तिच्यात जंतू वाढलेले असतात!

दोन सोप्या परीक्षा तर तुम्ही आजच घेऊ शकता. पाणी काचेच्या ग्लासात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी तळाशी गाळ दिसतो का? मग थोडं पाणी बाटलीत घेऊन अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. फेस आला नाही, पांढरा साका झाला, तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त आहेत.

परीक्षेत पाणी नापास झालं, तर काय करायचं? इथंच मोठी माणसंही फसतात. प्रत्येक उपायाचं काम वेगळं असतं!

तुरटी फिरवली, की गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. फडक्यानं गाळलं, की कचरा जातो, पण बारीक जंतू आरपार निघून जातात. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या आणि ती निदान एक मिनिट राहू द्या, म्हणजे जंतू मरतात. क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलंय तेवढेच घाला आणि अर्धा तास थांबा. पण पाणी गढूळ असेल, तर आधी निवळून घ्या, नाहीतर क्लोरीनचं काम नीट होत नाही.

उकळून क्षार मात्र जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. असं पाणी कितीही उकळा, फ्लोराइड तिथंच! त्याची तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते.

आणि आई-बाबांना एक निरोप द्या. आरओचं यंत्र क्षार काढतं, पण बरंच पाणी वायाही घालवतं. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले, तर ते पाणी पिण्याजोगं. तेव्हा आधी तपासणी, मग खरेदी! यंत्र असेलच, तर वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरा.

त्या मुलीच्या घरी पुढं काय झालं? ग्रामपंचायतीनं आडात ब्लीचिंग पावडर टाकली. घरच्यांनी पाणी उकळायला सुरुवात केली आणि शोषखड्डा दूर हलवायचं ठरवलं. महिन्यानं ती उकळलेलं पाणी घेऊन आली. पुन्हा बाटली भरली. दोन दिवस झाले, बाटली तशीच्या तशी! उड्या मारतच ती म्हणाली, "बाई, आजी म्हणते, आता खरं अमृत झालं!"

मग, तुमच्या घरची परीक्षा कधी?