तळावरचं बालपण

एप्रिल १९४६च्या अखेरीस अमेरिकेहून निघालेलं एक जहाज उत्तर जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदराला लागलं. महायुद्ध संपून अजून वर्ष व्हायचं होतं. शहरं ढिगाऱ्यांत गेली होती आणि जर्मन माणसं रेशनवर कशीबशी दिवस ढकलत होती. अशा मुलखात त्या जहाजातून उतरल्या त्या सैनिकांच्या बायका आणि त्यांची पोरं. जिंकलेल्या देशात फौज ठेवणं जगाला नवं नव्हतं. पण फौजेमागे तिचा संसार आणून वसवण्याचं काम अमेरिकेने एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वी केलेलं नव्हतं.

यामागे माया कमी आणि हिशेब जास्त होता. जानेवारी १९४६मध्ये मनिलापासून फ्रँकफर्टपर्यंत अमेरिकन सैनिक ‘आम्हाला घरी पाठवा’ म्हणत रस्त्यावर उतरले होते. जे मागे राहिले त्यांच्यात काळाबाजार, गुप्तरोग आणि बेशिस्त वाढत होती. बायकामुलं आली की सैनिक स्थिरावेल, असं वरिष्ठांचं गणित होतं. शिवाय नीटनेटकं अमेरिकन कुटुंब हा पराभूत जर्मनांपुढे ठेवायचा नमुनाही होता. त्या जहाजातली सात-आठ वर्षांची पोरगी स्वतःच्या नकळत परराष्ट्र धोरणात धरली गेली होती.

परदेशी लष्करी तळांवर वाढलेल्या पिढ्यांचा आढावा घेताना हे सूत्र वारंवार हाती लागतं. इतरांचं बालपण आईबाप, आळी आणि गाव घडवतात. यांचं बालपण बरंचसं सरकारी हुकमाने घडलं. जे मिळालं ते हुकमाने मिळालं, जे गेलं तेही हुकमाने गेलं. आणि सैनिकाचं मूल म्हणून कोणाला मोजायचं, हेसुद्धा हुकमानेच ठरलं.

पलटणीच्या पटावर

या गोष्टीचं एक जुनं पर्व आपल्याच अंगणात घडलेलं आहे. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, बेळगाव या छावण्यांत ब्रिटिश सैनिकांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या जन्मली, वाढली आणि मोठ्या संख्येने दगावलीही. छावण्यांच्या जुन्या दफनभूमींतली लहान लांबीची थडगी त्याची साक्ष देतात. साहेबाचं मूल म्हटलं की आपल्याला बंगला, आया आणि घोडा आठवतो. तो थाट अधिकाऱ्यांच्या मुलांचा. साध्या गोऱ्या शिपायाच्या पोराचं जगणं वेगळं होतं.

सैनिकाने लग्न करायचं तर परवानगी लागे, आणि पलटणीच्या पटावर ठरावीक संख्येपुरत्याच बायका घेतल्या जात. पटावरच्या बायकोला आणि तिच्या मुलांना शिधा, बराकीत जागा आणि पलटणीच्या शाळेत प्रवेश मिळे. पटाबाहेरच्या संसाराला सरकार ओळखत नसे. पलटण समुद्रापार निघाली की तो धक्क्यावरच राही. पटावर असण्याचं सुखही बेताचंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘जागा’ म्हणजे बहुधा सामायिक बराकीचा कोपरा आणि मध्ये आडोशाला टांगलेली घोंगडी.

शिक्षणाकडे मात्र फौजेने लवकर लक्ष दिलं. ब्रिटिश लष्करात शिक्षकांचं स्वतंत्र दल १८४६मध्ये उभं राहिलं. इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १८४७मध्ये हेन्री लॉरेन्सने सिमल्याजवळ सनावरला सैनिकांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. मैदानी उन्हाळा आणि बराकीतलं वातावरण यांपासून मुलांना दूर न्यायचं, हा त्यामागचा विचार. थंड हवा मिळाली, पण आईबाप दुरावले. ही अदलाबदल पुढे ब्रिटिश लष्करी कुटुंबांच्या अंगवळणीच पडली. आजही परदेशी किंवा बदलीच्या नोकरीतल्या ब्रिटिश सैनिकाला मुलाच्या निवासी शाळेसाठी सरकारी भत्ता मिळतो.

या पर्वातलं नगरशी जोडलेलं नाव म्हणजे स्पाइक मिलिगन. इंग्रजी विनोदाची वाट वळवणारा, बीबीसीवरच्या ‘गून शो’चा हा कर्ता १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जन्मला. बाप तोफखान्यात. शाळा आधी पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, मग रंगूनला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब लंडनला परतलं. परतलं ते आईबाप, मुलगा पहिल्यांदाच तिथे राहायला जात होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनसाठी उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढला. तरीही पुढे त्याच्या ब्रिटिश पासपोर्टचा घोळ झाला आणि बापाच्या आयरिश मुळावर त्याने आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. बापाने ज्या साम्राज्याची चाकरी केली त्याच साम्राज्याच्या छावणीत जन्मल्यामुळे मुलाच्या कागदपत्रांत खोट निघाली.

कुंपणाआतलं गाव

१९४६नंतरच्या अमेरिकन तळाने या सगळ्याला भव्य रूप दिलं. सुरुवातीला जर्मनांची घरं ताब्यात घेतली गेली. साध्या सार्जंटलाही मोलकरीण परवडत होती, कारण जर्मन बाईला पगाराइतकंच त्या स्वयंपाकघरातल्या अन्नाचं मोल होतं. पुढे वीसबाडेन, फ्रँकफर्ट, कैसरस्लाउटर्न इथे स्वतंत्र वसाहती उठल्या. कैसरस्लाउटर्न आणि शेजारचा रामस्टाइन हवाई तळ मिळून आजही सुमारे पन्नास हजार अमेरिकनांची वस्ती आहे.

या गावात सगळं अमेरिकेतून येतं. वाणसामान ‘कमिसरी’त आणि बाकीची खरेदी ‘पीएक्स’मध्ये, दोन्ही डॉलरमध्ये. पत्रं लष्करी टपालाने येतात, म्हणून जर्मनीत राहूनही पत्ता अमेरिकन पद्धतीचा. लष्करी रेडिओवर गाणी अमेरिकेतली, पण जाहिराती नाहीत. त्यांच्या जागी शिस्तीच्या आणि सुरक्षिततेच्या सूचना. संध्याकाळी ध्वज उतरवण्याचा बिगुल वाजला की गाड्या थांबतात आणि खेळती मुलं चेंडू सोडून झेंड्याच्या दिशेला तोंड करून उभी राहतात. तळावरच्या चित्रपटगृहात सिनेमाआधी राष्ट्रगीत. दहाव्या वाढदिवसाला मुलाला स्वतःचं ओळखपत्र मिळतं. फाटक, दुकान, दवाखाना, सगळं त्या कार्डावर उघडतं.

गावात जातही असते, ती हुद्द्याची. अधिकाऱ्यांची घरं एकीकडे, शिपाई-सार्जंटांची दुसरीकडे, क्लबसुद्धा वेगळे. एका वर्गात बसणाऱ्या दोन मैत्रिणींच्या घरांतलं अंतर बापांच्या खांद्यावरच्या पट्ट्या ठरवतात. मुलाने काच फोडली तर तक्रार घराऐवजी बापाच्या वरिष्ठाकडे जाऊ शकते, आणि प्रकरण गंभीर असेल तर अख्खं कुटुंब मायदेशी रवाना होऊ शकतं. आपल्या वागण्यावर बापाची नोकरी टांगलेली आहे, हे या मुलांना फार लवकर कळतं.

शीतयुद्धात त्यात आणखी एक भर होती. रशियन रणगाडे आले तर बायकामुलांना हलवायचं कसं, याचे आराखडे तयार असत. गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही; घोंगड्या, टिकाऊ अन्न आणि कागदपत्रं बांधून ठेवायची; अधूनमधून तालीमही व्हायची. बाप मात्र त्या गाडीत नसणार, हे त्या तालमीत गृहीत होतं.

शाळा: हुकमाची चांगली बाजू

ऑक्टोबर १९४६मध्ये जर्मनीत अमेरिकन मुलांच्या पहिल्या शाळा उघडल्या. आज अमेरिकन संरक्षण खात्याच्या शाळा एकशेसाठच्या आसपास असून त्या अकरा देशांत आणि अमेरिकेतल्या काही राज्यांत पसरल्या आहेत. सुमारे ६७ हजार मुलं त्यांत शिकतात.

या शाळांनी एक मोठी गोष्ट गाजावाजा न करता केली. सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८मध्ये दिला. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरायला १९५४ उजाडलं, आणि निकालानंतरही अंमलबजावणीला वर्षानुवर्षं विरोध झाला. त्या काळात जर्मनीतल्या तळांवर काळी आणि गोरी मुलं एकाच बाकावर बसत होती. अलाबामातल्या एखाद्या कुटुंबाला समानतेची पहिली शाळा परदेशात भेटली आणि बदली होऊन गावी परतल्यावर ती हातची गेली.

आजचं चित्रही बोलकं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत, २०२२ आणि २०२४ या दोन्ही फेऱ्यांत, चौथी आणि आठवीच्या वाचन-गणितात या शाळा देशात सर्वांत पुढे होत्या, आणि गोरी मुलं आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलं यांच्यातली दरी इथे खूपच कमी दिसली. कारणं गूढ नाहीत. घरात एक तरी पक्की नोकरी, डोक्यावर छप्पर, दवाखाना मोफत, शाळेला पैशाची चणचण नाही, शिक्षकाला बरा पगार आणि सगळीकडे एकच अभ्यासक्रम. हे ओळखीचं वाटेल, कारण आपल्याकडेही १९६३मध्ये वीस पलटणी-शाळा ताब्यात घेऊनच केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली. दर बदलीला मुलाचं वर्ष बुडू नये, हाच हेतू.

शाळा बदलीची झळ कमी करते, बदली टाळू शकत नाही. अमेरिकन सैनिकाचं मूल बारावीपर्यंत सरासरी सहा ते नऊ वेळा घर बदलतं, असं या शाळा चालवणारं खातंच सांगतं. म्हणून ही मुलं मैत्री पटकन करतात आणि निरोपाची तयारीही त्याच दिवशी सुरू करतात. अशांपैकीच एक, ‘स्टार वॉर्स’मधला ल्यूक स्कायवॉकर साकारणारा मार्क हॅमिल हा नौदलातल्या बापाचा मुलगा, त्याचं शालान्त प्रमाणपत्र १९६९चं, जपानमधल्या योकोसुका तळावरच्या शाळेचं.

सोन्याच्या ताळेबंदात

मोठ्या राजकारणात ही मुलं किती सहज हलवली गेली, याचा एक छोटा कालपट मांडता येतो. नोव्हेंबर १९६०मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी परदेशातल्या लष्करी कुटुंबीयांची चार लाखांहून अधिक असलेली संख्या दोन लाखांवर आणण्याचा आदेश काढला. कारण संरक्षणाचं नव्हतं. ही कुटुंबं परदेशात डॉलर खर्च करतात आणि देशातलं सोनं बाहेर जातं, हे होतं. सैनिकांचं मनोधैर्य खचेल म्हणून केनेडी यांनी काही महिन्यांतच तो आदेश मागे घेतला. त्याच वर्षी, १९६१मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहिली आणि युरोपकडे निघालेल्या नव्या कुटुंबांना थांबवण्यात आलं. बर्लिनमध्ये आधीच असलेली मुलं मात्र तिथेच राहिली. त्यांना हलवलं असतं तर अमेरिका कच खाते असा अर्थ निघाला असता.

२२ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबातल्या ग्वान्टानामो तळावर नेमकं उलटं घडलं. काही तासांच्या सूचनेवर बायकामुलांना जहाजांत बसवलं गेलं. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं असल्याची बातमी जगाला त्या रात्री कळली. फ्रान्सने नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर पडायचं ठरवल्यावर १९६७पर्यंत तिथले अमेरिकन तळ आणि त्यांच्यासोबत शाळाही बंद झाल्या. जून १९९१मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी जागा झाल्याने फिलिपिन्समधला क्लार्क तळ रिकामा करावा लागला आणि पुढे तो अमेरिकेने सोडूनच दिला. क्लार्कवर वाढलेल्यांचं गाव एका पंधरवड्यात संपलं.

ज्यांना कार्ड मिळालं नाही

कुंपण दोन बाजूंनी पाहावं लागतं. जपानच्या एकूण भूमीपैकी ०.६ टक्के असलेल्या ओकिनावावर त्या देशातल्या अमेरिकन तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. आतल्या मुलांना हिरवळ, पोहण्याचे तलाव आणि समुद्र आठवतो. बाहेरच्यांना ३० जून १९५९ आठवतो. त्या दिवशी अमेरिकन लढाऊ विमान मियामोरी प्राथमिक शाळेवर कोसळलं आणि अकरा विद्यार्थ्यांसह सतराजण मेले. १९९५मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या शाळकरी मुलीवर बलात्कार केला, तेव्हा निषेधाला हजारो लोक जमले. तळ कुटुंबवत्सल असला तरी शेजाऱ्यांसाठी तो तळच असतो.

तिसरंही एक मूल आहे: अमेरिकन सैनिकाचं, पण ओकिनावाच्या आईच्या पोटचं आणि बाप निघून गेल्यावर मागे उरलेलं. १९८५पर्यंत जपानी नागरिकत्व फक्त बापाकडून मिळे. त्यामुळे बाप अमेरिकन असलेली, पण अमेरिकेच्या दप्तरी नोंद न झालेली कित्येक मुलं कोणत्याच देशाची राहिली नाहीत. १९९८मध्ये अशा मुलांच्या आयांनी पुढाकार घेऊन ओकिनावात त्यांच्यासाठी शाळा काढली. २०१८मध्ये ओकिनावाचे गव्हर्नर झालेले डेनी तामाकी हे अमेरिकन मरीनचे पुत्र. बापाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तळांचा भार कमी करा, ही मागणी घेऊनच ते निवडून आले. पटाबाहेरच्या बायकोला धक्क्यावर सोडणाऱ्या जुन्या पलटणीचा नियम इथे नव्या कागदांवर चालू राहिला.

गाव कोणतं?

तळावर वाढलेली माणसं मोठेपणी काय सांगतात? समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होत्या. आईबापांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मध्ये मुलांनी घडवलेली तिसरी, ही ‘तिसऱ्या संस्कृतीच्या मुलां’ची कल्पना तिथून निघाली. १९९१मध्ये मेरी एडवर्ड्स वर्टश यांनी लष्करी घरांत वाढलेल्यांच्या मुलाखतींवर पुस्तक लिहिलं. २००५मध्ये डॉना म्यूझिल यांचा याच विषयावरचा माहितीपट आला. सूर साधारण सारखा आहे: कुठेही रुळण्याची हातोटी, वर्णभेदाचा तिटकारा, जबाबदारीची जाण, आणि सोबत एका जागी फार काळ राहिलं की सुटणारी अस्वस्थता, घरातल्या हुकूमशाही वळणाचे व्रण आणि ‘गाव कोणतं?’ या साध्या प्रश्नापुढची अडचण. ब्रिटिश फौजेनेही २०२०मध्ये जर्मनीतली आपली मोठी ठाणी सोडली. ज्या शाळेच्या नावाने माजी विद्यार्थी भेटतात तिच्या जागी पुष्कळदा आता दुसऱ्याच कोणाचं गृहसंकुल असतं.

अमेरिकेत १९८६पासून एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळला जातो. भाषणांत त्यांना छोटे वीर म्हणतात. हा गौरव सोयीचा आहे, कारण वीर म्हटलं की मागण्या करायच्या नसतात. या मुलांनी पराक्रम केला नाही. त्यांना हलवलं गेलं, आणि ज्या देशांत हलवलं तिथल्या मुलांनी त्याची किंमत मोजली. वर्णभेद घरीदारी चालू असताना ज्या सरकारला एका आदेशाने समान शाळा उभी करता आली, त्याला ओकिनावातल्या मुलाच्या बापाचं नाव दप्तरी चढवणंही अशक्य नव्हतं. तिथे आदेश निघाला नाही, आणि तो न काढणं हाही निर्णयच होता. देश फौज बाहेर पाठवतो तेव्हा रणगाड्यांची आणि विमानांची मोजदाद करतो. तिच्यामागे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना किती बालपणं घडणार आहेत, तीही त्याच यादीत हवीत.