मालक नसलेली बॅग

गेल्या दिवाळीत लेकीकडे दिल्लीला निघाले होते. मुंबई विमानतळावर हातातली पिशवी पट्ट्यावरून यंत्रात गेली आणि आतच थांबली. पडद्यासमोर बसलेल्या सीआयएसएफच्या मुलीनं पट्टा मागे घेतला, पुन्हा पुढे नेला, पडद्याकडे वाकून पाहिलं. "काकू, डब्यात काय आहे?" बोलण्यावरून ती मराठवाड्यातली वाटली. बेसनाचे लाडू, मी म्हणाले. तरी डबा उघडायला लावलाच. दुसऱ्या जवानानं कापडाची एक बारीक पट्टी डब्याच्या कडेवरून फिरवली, ती शेजारच्या यंत्रात सरकवली आणि मगच मला जायला सांगितलं. मागच्या रांगेतले एक गृहस्थ चिडून म्हणाले, "लाडवांतसुद्धा बॉम्ब दिसतो यांना!"

खरंच दिसू शकतो. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो आणि सेंद्रिय पदार्थ नारिंगी. पीठ, साखर, साबण, चॉकलेट, सगळं नारिंगी. आणि प्लॅस्टिक स्फोटकंही नारिंगीच. घट्ट वळलेल्या लाडवांनी गच्च भरलेला डबा पडद्यावर नुसता एक दाट नारिंगी गोळा असतो. त्या मुलीनं माझ्या वयाकडे, साडीकडे किंवा सणाकडे पाहिलं नाही, गोळ्याकडे पाहिलं. असं अडून बसणारं माणूस १९८५ साली कॅनडात नेमक्या जागी असतं, तर ३२९ माणसं त्या सकाळी लंडनला उतरली असती.

एअर इंडियाचं 'सम्राट कनिष्क' हे विमान २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटलं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्याआधीच्या बावीस-तेवीस दिवसांत काय घडलं ते फारसं सांगितलं जात नाही. १ जूनलाच एअर इंडियाच्या मुंबई मुख्यालयातून परदेशातल्या ठाण्यांना टेलेक्स गेला होता. खलिस्तानी अतिरेकी विमानात किंवा प्रवाशांच्या सामानात कालबॉम्ब ठेवण्याची शक्यता आहे, सामान नीट तपासा, असा त्याचा मथितार्थ. पुढे कॅनडाच्या चौकशी आयोगापुढे उघड झालं, की हा टेलेक्स टोरांटोच्या विमानतळावरच्या पोलिसांना मिळाला होता, पण त्यांच्याच देशाच्या गुप्तचर खात्यापर्यंत तो पोहोचला नाही.

२२ जूनच्या सकाळी व्हँकुव्हरच्या काउंटरवर 'एम. सिंग' नावानं तिकीट काढलेला एक माणूस आला. टोरांटोपर्यंतची त्याची जागा पक्की होती, पुढच्या कनिष्कवर तो प्रतीक्षायादीत होता. तरी बॅगेला थेट दिल्लीचा टॅग लावा, असा त्याचा हट्ट. काउंटरवरच्या बाईंनी आधी नकारच दिला. जागा पक्की नाही तर बॅग पुढे कशी पाठवू? तो हुज्जत घालू लागला, भावाला बोलावून आणतो म्हणाला. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते. शेवटी त्यांनी टॅग लावला आणि टोरांटोला उतरून पुन्हा नोंदणी करा, असं बजावलं. बॅग गेली. एम. सिंग विमानात चढलाच नाही.

मी त्या बाईंना दोष देत नाही. नियम त्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो सांगितलाही. पण रांगेच्या रेट्यापुढे एकट्या माणसाला नियम धरून ठेवायला लावणारी व्यवस्थाच कच्ची होती. त्यांच्या मागे उभं राहून "नाही म्हणजे नाही" म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

टोरांटोत कनिष्कचं सामान तपासत असताना एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडलं. उरलेल्या बॅगांवरून स्फोटकं हुंगणारं हातातलं यंत्र फिरवण्यात आलं. जानेवारीतल्या चाचणीत याच यंत्राला जेमतेम इंचभर अंतरावर नेल्याशिवाय बंदुकीची दारू सापडली नव्हती. पुढच्या थांब्यावर, माँट्रियलला, श्वानपथक बोलावलं, पण कुत्रा पोहोचेपर्यंत विमान उडालं होतं. इशारा, यंत्रं, कुत्रा, नियम यांतलं काहीच कमी नव्हतं, आणि प्रत्येक जण पुढचा बघून घेईल म्हणून मोकळा झाला.

विमान ३१,००० फुटांवर असताना सामानकक्षात स्फोट झाला. वैमानिकांना मदतीची हाकही देता आली नाही. मृतांमध्ये ऐंशीहून जास्त मुलं होती. बरीच सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली. मृतदेह मिळाले फक्त १३१. समुद्राच्या तळातून, सुमारे दोन किलोमीटर खोलीवरून काढलेले ब्लॅक बॉक्स मुंबईत आणले गेले आणि न्यायमूर्ती किरपाल यांच्या चौकशीसाठी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यातला अखेरचा आवाज तपासला. कनिष्कच्या ५५ मिनिटं आधी जपानच्या नारिता विमानतळावर तसाच दुसरा बॉम्ब फुटला होता. तोही व्हँकुव्हरहून, तोही मालक नसलेल्या बॅगेत, आणि तोही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी. सामान हलवणारे दोन जपानी कामगार त्यात गेले.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना एक दृश्य आठवत असेल. विमानाच्या शिडीपाशी उघड्यावर बॅगा ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकानं रांगेतून जाऊन आपल्या बॅगेवर बोट ठेवायचं, मग लोडर ती उचलून विमानात टाकणार. नागपूरला मे महिन्याच्या उन्हात वडील डोक्यावर रुमाल धरून आपली दोरी बांधलेली सूटकेस शोधायचे आणि आम्ही कंटाळून पाय बदलत उभे राहायचो. जिच्यावर कुणाचंच बोट पडलं नाही ती बॅग खालीच राहायची. इतका साधा आणि इतका पक्का उपाय मला तरी दुसरा माहीत नाही. आता तेच काम टॅगवरचा बारकोड करतो. प्रवासी आला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवल्याशिवाय विमान हलत नाही. आपलं विमान अर्धा तास रखडतं ते बऱ्याचदा याच कारणानं.

आपल्याकडे कनिष्कनंतर, १ एप्रिल १९८७ पासून नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा स्वतंत्र विभाग झाला. जगानं मात्र धडा उशिरा घेतला. डिसेंबर १९८८ मध्ये पॅन ॲमचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर फुटलं आणि २७० माणसं गेली. पुन्हा मालक नसलेलीच बॅग. रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेलं स्फोटक अर्धा किलोसुद्धा नव्हतं.

प्रवाशांची झडती घेऊन भागत नाही, हे तर एअर इंडियानं कनिष्कच्याही तीस वर्षं आधी भोगलं होतं. ११ एप्रिल १९५५. बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी आणि पत्रकारांना घेऊन 'काश्मीर प्रिन्सेस' हाँगकाँगहून निघालं. त्यातून जाणारे चिनी पंतप्रधान चौ एन लाय ऐनवेळी आले नाहीत. विमान हाँगकाँगला उभं असताना तिथल्या देखभाल कंपनीच्या एका सफाई कामगारानं चाकांच्या खोबणीत टाइमबॉम्ब ठेवला होता. पंख पेटला, धूर केबिनमध्ये शिरला, तरी कॅप्टन जटार यांनी विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न सोडला नाही. १९ जणांपैकी १६ गेले. वाचलेल्या तिघांपैकी एक होते देखभाल अभियंता अनंत कर्णिक; त्यांनी या प्रसंगावर पुस्तकही लिहिलं. जटार आणि हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. जटार आणि कर्णिक ही नावं मराठी घरांत आज फारशी कुणाला माहीत नसावीत, याचं मला वाईट वाटतं. विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी होते, पास असूनही त्याची रोज अंगझडती होते, तेव्हा त्यामागे अशा घटना उभ्या असतात.

यंत्रं सुधारली, पण पडद्यावरचा डोळा माणसाचाच आहे आणि तो थकतो. युरोपातल्या नियमांनुसार एक्स-रेच्या पडद्यासमोर एका माणसाला सहसा सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाहीत. पुष्कळ ठिकाणी संगणक मधूनच एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटं पिस्तूल किंवा बॉम्ब घुसवतो, तपासणाऱ्याचं लक्ष आहे ना हे पाहायला. दिवसभर हजारो निरुपद्रवी बॅगा पाहायच्या आणि तरीही पुढची बॅग पहिलीच आहे अशी पाहायची, हे काम मला फार अवघड वाटतं.

आणि याच माणसांना आपल्यातलेच काही खोट्या धमक्या देऊन पळवतात. २०२४ मध्ये १३ नोव्हेंबरपर्यंत अशा ९९९ धमक्या आल्याचं केंद्रीय राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी संसदेत सांगितलं. दर वेळी खरं धरूनच तपासावं लागतं. हा खोडसाळपणा नव्हे, सरळ गुन्हा आहे आणि त्याला तशीच शिक्षा व्हायला हवी.

कनिष्कच्या खटल्यात २००५ साली दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती बॉम्बचं सामान जमवणाऱ्या एकट्या इंदरजितसिंग रेयातला. व्हँकुव्हरच्या काउंटरवर हुज्जत घालून बॅगेला टॅग लावून घेणारा एम. सिंग कोण होता, हे आजवर कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.