आडनाव किती पिढ्या टिकतं?

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. त्या गावावरून पडलेलं आडनाव आपल्याही ओळखीचं आहे. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८२ साली ‘गांधी’ चित्रपट केला आणि त्यांचे भाऊ डेव्हिड यांचे निसर्गपट आपल्याकडे घरोघरी पाहिले गेले. खुद्द इंग्लंडात मात्र हे आडनाव विरळाच. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ब्रिटनमधल्या आडनावांचा आणि वाय गुणसूत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अ‍ॅटनबरोही होते. या आडनावाच्या दहातल्या जवळपास नऊ पुरुषांचं वाय गुणसूत्र एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवत होतं. स्मिथ मंडळींमध्ये असलं काही सापडलं नाही. वाटेवरचे कोणतेही दोन पुरुष उभे केले, तर त्यांच्यात जेवढं साम्य निघेल तेवढंच दोन स्मिथांमध्ये होतं.

कारण उघड आहे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते, म्हणून त्या आडनावाचे मूळपुरुष शेकड्यांनी. अ‍ॅटनबरो गाव एकच. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकी ते धारण करणारी माणसं एका घरातली असण्याची शक्यता जास्त, असा या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. दहावा जो उरतो तो दत्तक गेलेला असतो, आईचं आडनाव लावणारा असतो, किंवा त्याच्या कुळात कधीतरी बाप वेगळा आणि नाव वेगळं असं घडलेलं असतं.

गावावरून आडनाव म्हटलं की रत्नागिरी जिल्ह्याला वेगळं काही सांगायला नको. पावसकर, राजापूरकर, चिपळूणकर, दाभोळकर, देवरुखकर, गुहागरकर, आंजर्लेकर, फणसोपकर, गोळपकर. मग इंग्लंडचा नियम इथे लागू करावा, एखादं विरळ ‘कर’ आडनाव घ्यावं आणि त्या सगळ्यांना एका मूळपुरुषाची लेकरं म्हणावं, असा मोह होतो. तो आवरायला हवा. कोकणातलं आडनाव या कामी इंग्लंडच्या आडनावापेक्षा खूपच अवघड आहे, आणि मला वाटतं, म्हणूनच ते अभ्यासायला जास्त मोलाचं आहे.

पावसमध्ये राहणाऱ्याला पावसकर म्हणून वेगळं ओळखता येत नाही, कारण सगळं गावच पावसचं. गावात माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, भावकीवरून, घराकडे असलेल्या मानावरून किंवा वतनावरून. गाव सोडून तो राजापूरच्या बाजारात, पेशव्यांच्या पुण्यात किंवा मुंबईच्या गिरणीत गेला, की हजेरीपटावर त्याच्यापुढे गावाचं नाव लागतं. म्हणजे ‘कर’ आडनाव बहुधा माणूस गावाबाहेर पडल्याची खूण असते. ही आडनावं नकाशावर मांडली तर प्रत्येक आडनावाचे दोन ठिपके पडतील, एक निघाल्या गावाचा आणि एक पोचल्या गावाचा. या जिल्ह्यासाठी तो नकाशा किती बोलका ठरेल, हे जनगणनेवरून कळतं. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आणि शेजारचा सिंधुदुर्ग उलट घटले. २०११ च्याच मोजणीत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईत आणि आडनावाचं गाव इथे, ही जुनी रीत या आकड्यातही दिसते.

अशा वाटेने आलेल्या आडनावाला मूळपुरुष एकच असण्याचं काही कारण उरत नाही. एकाच गावातून निघालेले ब्राह्मण, भंडारी, कुणबी, मुसलमान या सगळ्यांना ते चिकटू शकतं. पारकर हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. शेजारच्या रायगडात तर ही गोष्ट हिंदू-मुसलमानांच्याही पलीकडे गेलेली दिसते. शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंची आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी. त्यांचा इतिहास लिहिणारे केहिमकर अलिबागजवळच्या किहीमचे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा असे दोन्ही वारसे सापडले. दिवेकर चित्पावनांतही आहेत. या दोन दिवेकरांमध्ये समान आहे ते गाव, रक्त नव्हे.

याहून विलक्षण उदाहरण मंडणगड तालुक्यातलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. वडिलांनी शाळेत नाव घातलं ते आंबडवेकर म्हणून. पुढे आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकाने ते बदलून हजेरीपटावर आपलंच आडनाव लिहिलं, ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः सांगितली आहे. संशोधकाच्या दृष्टीने पाहिलं तर एका विरळ आडनावाला एका शाळेत, एका लेखणीच्या फटकाऱ्याने दुसरा मूळपुरुष मिळाला. आज आंबेडकर आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली, तर त्यांत किमान दोन स्वतंत्र धागे दिसायला हवेत. दुर्मिळ आडनाव म्हणजे एक कूळ हा नियम इथे मोडतो, आणि तो कुठे व का मोडला हे आपल्याला कागदोपत्री सांगता येतं. शास्त्राला असा पुरावा क्वचित मिळतो.

आडनावांवरून नातं मोजण्याची दुसरी एक पद्धत आहे आणि तीही कोकणात कोलमडते. १८७५ साली चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी इंग्लंडमधल्या लग्नांच्या नोंदी घेतल्या. वधू आणि वराचं आडनाव एकच असलेली लग्नं किती, ते मोजलं आणि त्यावरून चुलत-मावस भावंडांत किती लग्नं होतात याचा अंदाज बांधला. लंडनमध्ये सुमारे दीड टक्का, उमरावांत साडेचार टक्के, असं त्यांचं उत्तर होतं. प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता, कारण त्यांचे स्वतःचे आईवडील सख्खी मामे-आत्ये भावंडं होती. १९६५ मध्ये क्रो आणि मँज यांनी या कल्पनेला नीट सूत्रात बसवलं आणि जगभरच्या वस्त्यांवर ती वापरली गेली.

आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध. चुलतभावंडांचं लग्न हिंदू घरात कोणी मनातही आणणार नाही. मात्र मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे, आणि इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात तिची सविस्तर चर्चा केली आहे. मामाच्या मुलीचं आडनाव सहसा आपलं नसतं. त्यामुळे डार्विनची मोजपट्टी लावली तर जवळच्या नात्यातल्या लग्नांचं प्रमाण जवळपास शून्य येईल, आणि प्रत्यक्षात ती लग्नं गावोगावी झालेली असतील. जिथे चुलत घरातही सोयरीक चालते त्या कोकणी मुसलमानांत ती काही प्रमाणात उपयोगी पडेल. एकाच तालुक्यात, शेजारी शेजारी, एक पद्धत अर्धी खरी आणि अर्धी निरुपयोगी ठरते. दत्तकाचंही तसंच आहे. इंग्लंडात दत्तक मुलगा म्हणजे धागा तुटला. आपल्याकडे दत्तक शक्यतो भाऊबंदांतून घेत, त्यामुळे अशा दत्तकानंतरही वाय गुणसूत्र तेच राहतं.

आता आडनाव मरतं कसं, ते पाहू. १८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी ‘एज्युकेशनल टाइम्स’ या नियतकालिकात वाचकांना एक कोडं घातलं. नामांकित घराण्यांची आडनावं लोप पावताना दिसत होती आणि लोक म्हणत होते की ही घराणी क्षीण झाली. गॉल्टनना शंका आली की हा निव्वळ योगायोगाचा खेळ असेल. हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने उत्तर पाठवलं, आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध छापून आला. वॉटसनचं समीकरण बरोबर होतं, पण त्यातून काढलेला निष्कर्ष, की प्रत्येक आडनाव कधीतरी नष्ट होणारच, चुकीचा होता.

गणित सोपं आहे. समजा शंभर आडनावं आहेत आणि प्रत्येकाचा आज एकच पुरुष हयात आहे. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो; कोणाला तीन, कोणाला एकही नाही, सगळं नशिबावर. पहिल्याच पिढीत ३७ आडनावं जातात. पाचव्या पिढीपर्यंत ७३ गेलेली असतात, दहाव्या पिढीपर्यंत ८४. लोकसंख्या स्थिर, कोणाच्या रक्तात काही दोष नाही, साथ नाही, युद्ध नाही, तरीही. सरासरी एकाहून जास्त असेल तर काही आडनावं कायमची तरतात, पण तीही थोडीच. आल्फ्रेड लोटका यांनी १९२० च्या अमेरिकी जनगणनेतले आकडे घालून पाहिलं, तेव्हा वाढत्या लोकसंख्येतही एका नवजात मुलग्यापासून सुरू होणारी पुरुषपरंपरा अखेर खुंटण्याची शक्यता ८२ टक्के निघाली. आणि सरासरी एकाच्या खाली घसरली तर वॉटसनचं चुकीचं उत्तरच खरं ठरतं, एकही आडनाव वाचत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. त्यांत मुलगे निम्म्याच्या आसपास.

रूढ आडनावांना याची झळ लवकर लागत नाही. जाधव, शिंदे, पाटील लाखोंनी आहेत. धोका आहे तो ज्या आडनावाची पाच-सात घरं उरली आहेत त्याला, आणि कोकणात अशी आडनावं पुष्कळ आहेत.

या गणिताला सर्वांत जास्त ज्याची गरज असते ती माहिती, म्हणजे कोणाला किती मुलगे झाले आणि कोणती शाखा कुठे थांबली, आपल्याकडे छापील स्वरूपात आहे. चित्पावनांची परंपरेने चौदा गोत्रं आणि साठ मूळ आडनावं सांगतात, पुढे ती तीनशेच्या वर गेली. विसाव्या शतकात त्यांतल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. आठ-दहा पिढ्यांचे वंशवृक्ष, न वाढलेल्या शाखांसकट. गॉल्टनना हे ग्रंथ मिळते तर त्यांनी ते डोक्यावर घेतले असते. वापरताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. जे आडनाव पुरतं संपलं त्याचा कुलवृत्तांत छापायला कोणी उरलेलंच नसतं. त्यामुळे कुलवृत्तांतांवरून आडनावांचं आयुष्य मोजलं, तर ते खऱ्यापेक्षा जास्तच दिसणार.

आडनाव संपलं म्हणजे वंश संपला, ही समजूत मात्र विज्ञान मान्य करत नाही. डॅनिश अभियंता ए. के. एर्लांग यांनी १९२९ साली हेच कोडं पुन्हा मांडलं, तेव्हा त्यांच्या आईचं माहेरचं घराणं, क्रारूप, अस्ताला चाललं होतं. कोडं मांडणारे एर्लांग स्वतः क्रारूपांच्या लेकीचे पुत्र होते. आडनाव त्यांच्याकडे आलं नव्हतं, रक्त आलं होतं.

रत्नागिरीत याहून मोठं उदाहरण आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. ब्रह्मी लोकांत आडनावाची चालच नाही. त्याची थोरली राजकन्या फाया जी हिला रत्नागिरीत मुलगी झाली, टूटू. तिने इथल्याच पवार घरात संसार केला. आडनावांच्या यादीत तिची मुलं असंख्य पवारांत मिसळून गेली. पण पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए फक्त आईकडून येतो. थिबाची राणी सुपयालत हिच्याकडून फाया जीकडे, तिच्याकडून टूटूकडे आणि टूटूकडून तिच्या प्रत्येक अपत्याकडे तो अखंड आला. मंडालेच्या राजवाड्यातला एक धागा रत्नागिरीत पवार या आडनावाखाली पोचला, आणि आडनावांची कोणतीही मोजणी तो दाखवू शकत नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. पुढच्या शतकातल्या संशोधकाला हा निर्णय मोठी देणगी ठरेल. आडनाव वडिलांचा धागा दाखवेल आणि आईचं नाव त्याच ओळीत असेल.

मागच्या शतकासाठी मात्र आपल्यालाच खटपट करावी लागेल. भारतीय जनगणना आडनावांचे तक्ते प्रसिद्ध करत नाही. कुलवृत्तांत मोजक्या घराण्यांचे आहेत. कुणबी, भंडारी, खारवी, गाबीत, महार, तेली, सुतार यांची आडनावं मुख्यतः नोंदवह्यांत आहेत. गावोगावच्या प्राथमिक शाळांची जुनी रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या, जमिनीचे कागद, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या याद्या. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, तेव्हा असे कागद अजून किती शिल्लक आहेत हे दिसलं. आरक्षणाच्या कामासाठी जी पानं उलटली, तीच पानं आडनावासाठी पुन्हा उलटता येतील. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी एकेका तालुक्यातल्या शाळांची रजिस्टरं छायाचित्रित करून घ्यावीत. त्यांतली १९०० सालची आडनावं आणि आजच्या मतदारयादीतली आडनावं शेजारी ठेवली, की कोणती गेली, कोणती मुंबईला गेली आणि कोणत्या आडनावाचं आता एकच घर उरलं आहे, हे तीन रकान्यांत मांडता येईल.