घोडे गेले, रिसालदार राहिले!

मंडळी, आष्टी-कड्याहून नगरला आपलं येणं-जाणं असतंच. पण तिथलं १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय किती जणांनी पाहिलंय?

बीडचा या विषयाशी जुना धागा आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात १७९० साली उभ्या राहिलेल्या घोडदळातून आजची डेक्कन हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट घडली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हे स्वार भाले सरसावून दौडले होते. पुढे घोडे जाऊन रणगाडे आले. १९६५ मध्ये असल उत्तरला याच रेजिमेंटने जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटनना टक्कर दिली.

रणगाडा रेजिमेंटची रचना साधारण अशी:
🔸 ट्रूप: ३ रणगाडे
🔸 स्क्वाड्रन: ४ ट्रूप आणि मुख्यालयाचे २, म्हणजे १४
🔸 रेजिमेंट: ३ स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे ३, म्हणजे ४५

गंमत म्हणजे रणगाड्यातला जवान आजही ‘सवार’ आणि त्याचा वरिष्ठ ‘रिसालदार’च! पायदळात त्याच हुद्द्याला सुभेदार म्हणतात.

पुढच्या नगर फेरीत दोन तास राखून ठेवा. पोरांनाही न्या!