बिल्ला, गौरवदर्शक

बिल्ला, गौरवदर्शक : समूहाच्या उपयोगी पडणाऱ्या सभासदाला त्याच्या कार्याची पोच म्हणून त्या समूहाकडून मिळणारे आणि इतरांना दिसेल अशा रीतीने धारण करावयाचे चिन्ह. ते कापडाचे वा धातूचे असते. आंतरजालावरील समूहांत ते सभासदाच्या नावाशेजारी उमटणाऱ्या लहानशा चित्राच्या रूपात असते. वेतन, मानधन किंवा रोख पारितोषिक यांहून ते भिन्न आहे, कारण त्याला बाजारात मोल नसते. त्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते : ते कशासाठी मिळते हे किती लोकांना ठाऊक आहे आणि काम न करता ते मिळविणे किती कठीण आहे. या दोहोंपैकी एक जरी आधार ढळला, तरी बिल्ला म्हणजे नुसता कापडाचा तुकडा उरतो.

मराठीत बिल्ला हा शब्द प्रामुख्याने ओळख वा अधिकार दर्शविणाऱ्या चिन्हासाठी रूढ आहे. रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावरचा क्रमांकाचा बिल्ला किंवा कचेरीतील शिपायाच्या पट्ट्यावरची पितळी चपरास ही त्याची परिचित उदाहरणे होत. चपराशी हा शब्दच चपरास धारण करणारा या अर्थाने बनला आहे. असा बिल्ला काम करण्यापूर्वी मिळतो व काम सुटले की परत करावा लागतो. गौरवदर्शक बिल्ला काम झाल्यानंतर मिळतो आणि सामान्यतः परत मागितला जात नाही. शाळेतील वर्गप्रमुखाचा बिल्ला या दोन प्रकारांच्या सीमेवर आहे. तो देणारे शिक्षक त्याला जबाबदारी समजतात आणि घेणारा मुलगा बहुधा बहुमान समजतो.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन यूरोपातील यात्रेकरू तीर्थस्थानाहून परतताना शिसे-कथलाचे बिल्ले आणीत. इंग्लंडमधील कँटरबरी येथील टॉमस बेकेट यांच्या समाधीची चिन्हे आणि स्पेनमधील सांत्यागोचा शिंपला ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. यात्रा खरोखर घडली याची ती साक्ष असे. मात्र तिच्यात समूहसेवेचा भाग नव्हता. सेवेशी बिल्ल्याचा संबंध अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात स्पष्टपणे जोडला गेला. ७ ऑगस्ट १७८२ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी साध्या शिपायांसाठी व कनिष्ठ अंमलदारांसाठी जांभळ्या कापडाचा हृदयाकृती बिल्ला जाहीर केला. तोवर यूरोपीय सैन्यांत मानचिन्हे बहुतांशी अधिकाऱ्यांच्याच वाट्याला येत. हा बिल्ला लावणाऱ्या शिपायाला अधिकाऱ्याप्रमाणे पहाऱ्यावरून अडथळ्याविना जाता येई. पात्रता नसताना तो धारण करणाऱ्यास कडक शिक्षा होईल, असेही त्याच आदेशात बजावले होते. बिल्ल्याची खोटी नक्कल हा त्याच्या जन्मापासूनचाच प्रश्न आहे, हे यावरून दिसते.

बिल्ल्यांची सर्वांत विस्तृत व विचारपूर्वक उभारलेली पद्धत बालवीर चळवळीची. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर प्रायोगिक शिबिर भरविले व १९०८ मध्ये स्काउटिंग फॉर बॉइज हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच काळात प्रथमोपचार, पोहणे, पाककला, संदेशवहन यांसारख्या विषयांतील प्रावीण्याचे बिल्ले रूढ झाले. भारतातही ही परंपरा आली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काउट्स अँड गाइड्स या संघटनेत प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती श्रेणी असून तिच्या जोडीला प्रावीण्याचे बिल्ले असतात. महाराष्ट्रातील अनेक शाळांत गणवेशाच्या बाहीवर शिवलेले हे बिल्ले परिचित आहेत.

या पद्धतीमागील बेडन-पॉवेल यांची भूमिका आजच्या चर्चेतही मार्गदर्शक ठरते. बिल्ल्याची कसोटी ठरावीक दर्जा गाठणे ही नसून प्रत्येक मुलाने आपल्या परीने किती प्रयत्न केला ही असावी, असे त्यांचे मत होते. मंदगती मुलालाही पहिला बिल्ला मिळाला, की त्याची उमेद वाढते व तो पुढच्या प्रयत्नास लागतो. बिल्ला कमाविणे आणि बिल्ल्यांची शिकार करणे यांत त्यांनी भेद केला व शिकारीची वृत्ती रोखण्याचे काम संघनायकाकडे सोपविले. म्हणजे बिल्ला देण्याचा निर्णय त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाच्या हाती होता. ही ओळख मोठ्या समूहात टिकत नाही आणि आंतरजालावरील बिल्ल्यांच्या बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात.

मोजणारा बिल्ला : एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी आंतरजालावर अनोळखी माणसांनी एकमेकांच्या शंकांचे निरसन विनामूल्य करावे, असे समूह मोठ्या संख्येने उभे राहिले. संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी जेफ ॲटवुड व जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेले स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ त्यांतील प्रमुख होय. येथे कोणीही प्रश्न विचारतो, कोणीही उत्तर देतो आणि इतर सभासद उत्तरांच्या बाजूने वा विरुद्ध मत नोंदवितात. उत्तराला मिळालेल्या प्रत्येक अनुकूल मतामागे उत्तर देणाऱ्यास १० गुण मिळतात. प्रश्नकर्त्याने ते उत्तर स्वीकारल्यास आणखी १५ मिळतात. प्रतिकूल मताने २ कमी होतात. गुण वाढतील तसे अधिकार वाढतात. उदा., ५० गुणांनंतर इतरांच्या मजकुरावर टिप्पणी करता येते, तर २,००० गुणांनंतर इतरांचा मजकूर परस्पर सुधारता येतो. बिल्ले या गुणांहून वेगळे असून कांस्य, रौप्य व सुवर्ण असे त्यांचे तीन वर्ग आहेत. त्यांची कल्पना एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रावरील यशचिन्हांवरून घेतली, असे संस्थापकांनी सांगितले आहे.

या बिल्ल्यांची नावे व अटी पाहिल्या म्हणजे समूहाला आपल्या सभासदांकडून काय हवे आहे, याचा जणू आराखडाच हाती येतो. पहिल्याच उपयुक्त उत्तराबद्दल ‘शिक्षक’ हा कांस्य बिल्ला मिळतो. उत्तराची मते १०, २५ व १०० झाली की अनुक्रमे कांस्य, रौप्य व सुवर्ण बिल्ले मिळतात. साठ दिवसांहून जुन्या, म्हणजे सर्वांनी मागे टाकलेल्या प्रश्नाला उत्तर देऊन त्यावर पाच मते मिळविणाऱ्यास मृतांना उठविणाऱ्या मांत्रिकाचे नाव असलेला रौप्य बिल्ला लाभतो. प्रतिकूल मते पडलेले आपले स्वतःचे लेखन काढून टाकणाऱ्यासाठीही एक बिल्ला आहे. चूक मागे घेण्याचे बक्षीस देणारी संस्था विरळाच. मात्र सलग शंभर दिवस संकेतस्थळाला भेट दिल्याबद्दल मिळणारा सुवर्ण बिल्ला या पंक्तीत शोभत नाही. त्यात कोणाला मदत झाली, याचा पत्ताच नसतो. तो हजेरीचा बिल्ला आहे.

हे बिल्ले माणूस देत नाही. अट पूर्ण होताच ते यंत्राकडून आपोआप मिळतात. त्यामुळे त्यांत पक्षपात नाही आणि लाखो सभासदांना ते एकाच मापाने मिळू शकतात, हा मोठा लाभ होय. पण मोजता येते तेवढेच काम त्यांना दिसते. ॲश्टन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या संकेतस्थळावरील नोंदी तपासल्या. ठरावीक संख्येने मते नोंदविल्याबद्दलचा बिल्ला जवळ येऊ लागला, की सभासदाचे मतदान वाढत जाते आणि बिल्ला मिळताच ते झपाट्याने खाली येते, असे त्यांना आढळले. योग्य ठिकाणी ठेवलेला बिल्ला समूहाला हव्या त्या कामाकडे माणसे वळवू शकतो, हा त्यातील उपयुक्त निष्कर्ष. परंतु बिल्ला मिळाल्यावर काम थांबते, हीही त्याच आलेखाची दुसरी बाजू आहे.

देणारा बिल्ला : विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात निराळी प्रथा पडली. सुनीर शाह यांनी २००३ मध्ये तेथे बार्नस्टार हे चिन्ह आणले. अमेरिकेच्या ग्रामीण भागात धान्याच्या कोठारांवर ताऱ्याच्या आकाराचे शोभाचिन्ह लावण्याचा प्रघात आहे. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एखाद्याचे कोठार विनामजुरी उभारून द्यावे, अशी तेथील जुनी रीत होती. आपल्याकडील इर्जिकीशी तिचे साम्य आहे. या परस्परसाहाय्याचे प्रतीक म्हणून तारा निवडला गेला. येथे कोणतीही अट नाही, मोजणी नाही, समिती नाही. एका संपादकाला दुसऱ्याचे काम आवडले, तर तो त्याच्या चर्चापानावर तारा ठेवतो व कारण एकदोन ओळींत लिहितो. ते कारणच या बिल्ल्याचा प्राण होय.

बार्नस्टार कशासाठी दिले गेले याची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ लेख लिहिणे व सुधारणे यांसाठीच नव्हे, तर भांडणे मिटविणे, नवख्यांना सांभाळून घेणे, कंटाळवाणी व्यवस्थापकीय कामे करणे यांसाठीही ते दिलेले आढळले. ही कामे संपादनांच्या मोजणीत जवळजवळ दिसतच नाहीत. पाणउतारा झालेल्या नवख्याला दोन शब्द बोलून थांबवून धरणारा सभासद समूहाला बहुमोल असतो, पण कोणत्या रकान्यात त्याची नोंद करावी, हे यंत्राला सांगणे अवघड. माणसाने दिलेल्या बिल्ल्याचे खरे समर्थन येथे आहे. त्याची उणीव अशी, की तो परिचितांच्या वर्तुळात फिरू लागतो. २०११ मध्ये एका कळीसरशी तारा पाठविण्याची सोय झाली. तिने देणे सोपे झाले. पण जे सहज देता येते त्याचे वजनही कमी होते, ही शंका उरतेच.

परिणाम : गौरव केल्याने मदत वाढते की मदतीची मूळ ओढच कमी होते, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासंबंधात नेहमी उद्धृत केला जातो. चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला चित्रे काढल्यास सोनेरी मुद्रा व फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधी सांगितले; दुसऱ्याला ते न सांगता नंतर दिले; तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातील मुलांची चित्रे काढण्याची गोडी इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली दिसली. म्हणजे घात बक्षिसाने केला नाही, तर बक्षिसाच्या वचनाने केला. अनपेक्षितपणे हाती येणारा बार्नस्टार आणि अटीसह आधीच जाहीर असलेला मोजणीचा बिल्ला यांतील फरक येथे नेमका बसतो. अर्थात बालवाडीतील निष्कर्ष प्रौढांच्या समूहाला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल.

प्रौढांविषयीचा पुरावा अधिक आशादायक आहे. मायकेल रेस्टिव्हो व आर्नाउट व्हान डी राय्ट यांनी इंग्रजी विकिपीडियावरील सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून, पूर्वी बार्नस्टार न मिळालेल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तो दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढील नव्वद दिवसांत त्यांचे काम, तो न मिळालेल्या तशाच संपादकांच्या तुलनेत, ६० टक्क्यांनी अधिक राहिले. याना गालुस यांनी जर्मन विकिपीडियावर नवागतांना एडलवाइस फुलाचे नाव असलेले चिन्ह देऊन पाहिले. ते मिळालेल्यांपैकी काम चालू ठेवणाऱ्यांचे प्रमाण सु. २० टक्क्यांनी वाढले व हा परिणाम वर्षभर टिकला, असे त्यांनी २०१७ मध्ये दाखविले. तेथील बहुतेक संपादक टोपणनावाने लिहितात. त्यामुळे नोकरीत वा व्यवहारात या चिन्हाचा काही लाभ होईल, अशी आशा त्यांना नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे.

बिल्ल्याला साक्षीदार लागतात, याचा पुरावा आंतरजालाबाहेरचा आहे. इटलीतील एका नगरात नियमित रक्तदात्यांना दानांच्या ठरावीक संख्येनंतर पदके देण्याची पद्धत होती. पदकाची संख्या जवळ आली, की दाते अधिक वेळा रक्तदान करीत. परंतु ज्या पदकांची नावे स्थानिक वृत्तपत्रात छापून येत व जी जाहीर समारंभात दिली जात, त्यांच्याच बाबतीत हा परिणाम दिसला, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. खाजगीत हाती दिलेल्या पदकांनी काही फरक पडला नाही. ज्या समूहात सभासद एकमेकांना ओळखत नाहीत व कोणी कोणाचे पान पाहत नाही, तेथे बिल्ल्यांची कितीही भर घातली तरी त्यांचा उपयोग होत नाही, याचे कारण यात सापडते. फोरस्क्वेअर या स्थळनोंदीच्या सेवेने २००९ मध्ये बिल्ल्यांच्या आकर्षणावर लोक जमविले, पण २०१४ मध्ये तिने ते बिल्ले काढून टाकले. उपाहारगृहात किंवा विमानतळावर पोहोचल्याची नोंद करण्याने दुसऱ्या कोणाचे फारसे भले होत नव्हते.

मोजणीच्या बिल्ल्यापुढे अलीकडे नवी अडचण उभी राहिली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी ही मजकूर रचणारी संगणकप्रणाली खुली होताच काही दिवसांत स्टॅक ओव्हरफ्लोवर तिने लिहिलेल्या उत्तरांचा ओघ सुरू झाला. ती वरकरणी नेटकी, पण पुष्कळदा चुकीची असत. उत्तर लिहिण्याचे कष्ट नाहीसे झाले, पण ते तपासण्याचे कष्ट तेवढेच राहिले आणि ते स्वयंसेवी सभासदांवर पडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये संकेतस्थळाने अशा उत्तरांना मनाई केली. उत्तरांची संख्या व मते यांवर उभा असलेला बिल्ला त्यामागील प्रयत्नाची साक्ष देईनासा झाला, तर त्याची जागा कोण घेणार, हे अद्याप ठरलेले नाही. एखाद्या सभासदाने ओळखून, कारण लिहून दिलेला बिल्ला या संकटात तुलनेने सुरक्षित आहे. मात्र तो देण्यासाठी दुसऱ्याचे काम सावकाश वाचणारी माणसे समूहात असावी लागतात.