अंगठ्याचे टक्के : भरवेलीच्या खदानीतून दिसणारा अपंगांच्या हक्कांचा इतिहास

अपंगांच्या हक्कांचा इतिहास म्हटलं की आपण १९९५ च्या कायद्यापासून सुरुवात करतो. भरवेलीसारख्या खदानीच्या गावात मात्र तो बराच मागे जातो. इथलं मॅंगनीज जमिनीच्या पोटातून काढलं जातं, आणि त्या कामात हातपाय गमावणं ही जुनीच गोष्ट आहे.

मध्य प्रांतातल्या मॅंगनीजच्या धंद्याला १८९६ मध्ये ब्रिटिश कंपनीने सुरुवात केली. १९५६ पर्यंत बालाघाटचा कारभार नागपूरहून चाले. १९६२ मध्ये आजची 'मॉयल' स्थापन झाली, तिचंही मुख्यालय नागपूरलाच. या साऱ्या काळात जखमी मजुराला लागू पडणारा पहिला मोठा कायदा म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याआधी मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. गरीब मजुराला ते कुठून जमणार? नव्या कायद्यात कामावर, कामामुळे अपघात झाला एवढं दाखवलं की बहुतेक वेळा पुरे होई.

मी इंजिनिअर, त्यामुळे माझी नजर गेली ती त्याच्या पहिल्या परिशिष्टावर. तिथे शरीराचा चक्क तक्ता आहे. मूळ तक्त्यात उजवा हात कोपरापासून किंवा वर तुटला तर ७० टक्के, डावा असेल तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५. पुढे दुरुस्ती होऊन अंगठ्याचे ३० झाले. हे टक्के कशाचे? कमाईची ताकद किती घटली, त्याचे. म्हणजे माणसाला पैसे मिळत, पण पुन्हा कामावर घ्या असं हा तक्ता म्हणत नव्हता. भरपाई दिली की मालकाचा हिशेब संपला.

दुसरी अडचण तुटलेलं काही दिसतच नाही तेव्हाची. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मेंदूवर परिणाम होतो. चाल बिघडते, आवाज बारीक होतो, चेहरा निर्विकार दिसतो, मागे पाऊल टाकताना तोल जातो. कूपर या डॉक्टरने १८३७ मध्ये ग्लासगोच्या कारखान्यातल्या मजुरांत हे पहिल्यांदा नोंदवलं. पुढे हा आजार आपल्या भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही आला. पण त्यासाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम झालेलं असणं ही अट होती. शिवाय अपघाताला तारीख असते, धुळीला नसते. त्यामुळे कोरड्या ड्रिलिंगऐवजी पाणी सोडून ड्रिल करणं आणि हवा खेळती ठेवणं, हेच खरं औषध.

हिशेब बदलला तो १९९५ मध्ये. अपंगांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन रेटा लावला आणि संसदेने कायदा केला. त्याचं कलम ४७ आपल्या विषयाच्या मुळाशी आहे : नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. तोच पगार ठेवून दुसरं काम द्यायचं. तसं काम नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला ठेवायचं. सरकारी कंपन्याही यात येतात. २०१६ च्या नव्या कायद्यात हीच तरतूद कलम २० मध्ये आहे. आधीच्या सात प्रकारांच्या जागी त्यात एकवीस आले, पार्किन्सन्सही त्यात आहे.

म्हणजे १९२३ ने विचारलं, 'किती गेलं?' १९९५ ने विचारलं, 'आता याला कुठलं काम देता?' पहिला प्रश्न पैशाचा, दुसरा हक्काचा.

पण दुसरा प्रश्न विचारायला माणूस कंपनीच्या हजेरीपटावर लागतो. ठेकेदाराकडच्या मजुरासाठी भरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्याने मूळ मालकावरही टाकली होती. नोकरी टिकवण्याची हमी मात्र त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांवर एकच दरड कोसळली, तर एकाला दुसरं काम मागता येतं आणि दुसऱ्याच्या हाती टक्केच राहतात. भरवेलीतून पाहिलं तर या इतिहासाचं पुढचं प्रकरण इथूनच सुरू व्हायला हवं.