खाली कोण हाय का?

कोडोलीतल्या माझ्या टेबलावर चाचणीचा एक पेनड्राइव्ह आहे. फाइल कॉपी होत असतानाच मी तो मुद्दाम उपटतो. तो गेला हे लिनक्सला कळतं कसं, याचं मला अजून नवल वाटतं. गेलेला काही सांगायला थोडाच थांबतो?

यूएसबी २.० च्या हाय-स्पीड तारेत सिग्नल साधारण ४०० मिलिव्होल्टचा असतो. समोर उपकरण असेतोवर ते तो शोषून घेतं. उपकरण निघालं की सिग्नल मोकळ्या टोकावर आपटून माघारी येतो, जाणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो आणि ८०० होतो. संगणकाच्या बाजूचा हब दर १२५ मायक्रोसेकंदांनी हाक घालतो, सेकंदाला ८,००० वेळा. प्रतिध्वनी आला म्हणजे समोर कुणी नाही!

शेजारच्या वारणानगरच्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने १९९८ साली ७० गावं संगणकाने जोडायला घेतली. त्या काळी सहसा संगणकातलं कार्ड काढायचं तर आधी संगणक बंद करायचा. आज पेनड्राइव्हसारखं उपकरण चालू यंत्रातून उपटतो, आणि खरी कसोटी तिथे लागते.

विहिरीचा गाळ काढून झाला की शिडी ओढण्याआधी वरून हाळी देतात, “खाली कोण हाय का?” कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपकरणाची मेमरी सोडण्याआधी हेच आकड्याने विचारतो. उपकरण वापरणारा प्रत्येक जण आकडा एकाने वाढवतो, जाताना एकाने कमी करतो. शून्य झालं की मेमरी मोकळी. कमी करायचं राहिलं तर मेमरी अडकून पडते. दोनदा कमी झालं तर माणूस खाली असतानाच शिडी निघते.

२०१७ च्या कर्नेल ४.११ मध्ये या मोजणीसाठी ‘रेफकाउंट’ हा खास प्रकार आला. तो अशा जादा वजाबाकीच्या वेळी बोंब मारतो: आधी ‘कट हिअर’ची तुटक रेघ, मग ‘अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री’, आणि त्याखाली कुणी कुणाला हाक मारली त्या फंक्शनांची उतरंड. सगळ्यात वरच्या नावाला गुन्हेगार समजू नका. मीही आधी त्यालाच धरायचो. त्याच्या हाती फक्त चूक उघडी पडलेली असते. जादा वजाबाकी आधीच, बहुधा एखाद्या क्वचित चालणाऱ्या एरर-पाथवर झालेली असते. म्हणून मेमरीच्या चुका पकडणारं ‘केसॅन’ हे साधन लावून कर्नेल पुन्हा बांधायचा. मग ती मेमरी कुणी घेतली आणि कुणी सोडली, दोन्ही माग दिसतात.

दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची असते. ती केली की मी पुन्हा कॉपी लावतो आणि मधेच पेनड्राइव्ह उपटतो. कॉपी एरर देऊन थांबते, आणि लॉगमध्ये ‘कट हिअर’ कुठेच नसतं.